मुलांसह वाळवंटी किनाऱ्यावर तंबू आणि सर्फिंग : ओमान, खरीफचा हंगाम

उनाडवारा (धागाकर्ती)

जुलै आला की मस्कतमधल्या बहुतेक घरांची दारं-खिडक्या बंद होतात. पारा ४० च्या पुढे, हवा दमट, मुलांना संध्याकाळी सहा वाजतासुद्धा खाली खेळायला सोडवत नाही. त्याच जुलैत, गाडीने साडेतीन-चार तासांवर, अल अश्खराच्या किनाऱ्यावर माणसं रात्री पांघरूण शोधत असतात. समुद्र इतका गार की वेटसूट घातल्याशिवाय लहान मुलांना पाण्यात फार वेळ ठेवता येत नाही. आणि लाटा अशा, की मस्कतच्या किनाऱ्यावर वर्षभर थांबलात तरी दिसायच्या नाहीत.

हा धागा त्या किनाऱ्याबद्दल आहे. अश्खरापासून दक्षिणेला शन्नाच्या धक्क्यापर्यंत, आणि पलीकडे मसिरा बेट. एका बाजूला शर्किया वाळवंटाची टेकाडं, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, मधून डांबरी रस्ता आणि लांब लांब अंतरावर कोळ्यांच्या वस्त्या. तंबू घेऊन लोक इथे जातात ते बहुतेक नोव्हेंबर ते मार्चमध्ये. तेव्हा हवा सुरेख असते, पण लाट नसते. माझं म्हणणं असं आहे की मुलांना सर्फिंग शिकवायचं असेल तर खरीफमध्येच जा, म्हणजे इथल्या मोसमी वाऱ्याच्या हंगामात, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. फक्त जागा लाट बघून ठरवू नका. वारा आणि पाण्याची ओढ बघून ठरवा. सहल निभावते की फसते ते तिथेच ठरतं.

वारा म्हणजे तोच नैऋत्य मोसमी. सोमालियाजवळ तो एका अरुंद पट्ट्यात एकवटतो (हवामानवाले त्याला फिंडलेटर जेट म्हणतात), ओमानच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर धावतो आणि मग भारताकडे जातो. समांतर वाहणारा हा वारा आणि पृथ्वीचं फिरणं, दोन्हींमुळे वरचं गरम पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि त्याच्या जागी खोलवरचं थंड पाणी वर येतं. म्हणून भर उन्हाळ्यात इथलं पाणी २५ अंशांच्याही खाली उतरतं आणि त्यावरून येणारी हवा गार लागते. रास अल हद्दचं टोक ओलांडून सूर किंवा मस्कतकडे वळलात की हे सगळं संपतं. तिथून पुढे ओमानचं आखात लागतं, म्हणजे गरम आणि सपाट पाणी.

आता जागेबद्दल. लाटा दक्षिण-नैऋत्येकडून येतात. जिथे एखादं भूशिर समुद्रात घुसलेलं असतं तिथे त्याला वळसा घालून आत शिरतात. वळसा घेताना जोर कमी होतो, गोंधळलेल्या लाटांची नीट रांग लागते, आणि भूशिराच्या उत्तरेकडच्या कुशीत लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फुटत जाते. फळीवर उभं राहून किनाऱ्याकडे बघितलंत तर उजव्या हाताला. शिवाय त्या कुशीत वारा जमिनीवरून पाण्याकडे वाहतो, त्यामुळे लाटेची भिंत विस्कटत नाही. उघड्या सरळ किनाऱ्यावर त्याच दिवशी नुसता फेस आणि धुमाकूळ असतो. मोठी माणसं भूशिराच्या टोकाशी जातात, मुलं कुशीच्या आतल्या भागात, जिथे लाट फुटून गेलेली असते आणि पांढरा फेस कमरेएवढ्या पाण्यात येतो.

पण ज्या वाऱ्याने लाट चांगली होते तोच वारा वस्तू आत खेचून नेतो. फुगवायच्या ट्यूब, हवेची गादी, फुगवलेला पॅडलबोर्ड, यातलं काहीही या हंगामात मुलांच्या हाती देऊ नका. वीस-पंचवीस नॉटचा वारा अशी ट्यूब पोहणाऱ्या माणसापेक्षा जोरात पळवतो, आणि मूल ती सोडत नाही. आमच्याकडे हा नियम गाडीत बसण्याआधीच लागू होतो : हवा भरायची कुठलीच वस्तू डिकीत येत नाही.

दुसरी गोष्ट ओढीची. पाणी किनाऱ्याला धरून सतत उत्तरेकडे सरकत असतं. मुलाला ते कळतच नाही. ते खेळत असतं, आणि दहा मिनिटांनी बघावं तर तंबूपासून बरंच लांब. म्हणून पाण्यात उतरायचं ते वरच्या अंगाने, म्हणजे दक्षिणेकडून. वाळूत दोन काठ्या रोवायच्या, त्यांना रंगीत कापडं बांधायची, आणि मुलांना सांगायचं की तुमचा समुद्र या दोन काठ्यांच्या मधला. उत्तरेकडची काठी आली की बाहेर यायचं, चालत वर जायचं, पुन्हा उतरायचं. एक मोठं माणूस कायम ओढीच्या खालच्या अंगाला, स्वतः पाण्यात. किनाऱ्यावर खुर्ची टाकून लक्ष ठेवणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे, याबाबत मी फार कडक आहे.

तंबू कोरड्या वाळूत नेहमीच्या खुंट्यांनी एक रात्रही टिकत नाही. कापडी पिशव्या न्या, वाळूने भरा, दोरी पिशवीच्या मध्यावर बांधा आणि गुडघाभर खोल खड्ड्यात आडवी पुरून वर वाळू दाबा. दोरी तंबूकडून खड्ड्यात तिरपी उतरली पाहिजे. उभी उतरली तर पिशवी वर येते. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे, दार उत्तर-ईशान्येकडे. आतून नुसती जाळी असलेला तंबू घेऊ नका, बारीक वाळू त्यातून पिठासारखी गळते आणि सकाळी मुलांच्या पापण्यांवर सापडते.

नेमक्या जागांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. काही ठिकाणी कासवं अंडी घालतात, काही ठिकाणी कोळ्यांचं काम चालतं. ज्यांना जायचं आहे त्यांनी नकाशा उघडून उत्तरेकडे कुशी असलेली भूशिरं शोधावीत, सापडतात. जाऊन आलेल्यांनी अनुभव लिहा, विशेषतः लहान मुलं असलेल्यांनी.

तिसरीलाट

उत्तम धागा. वारा आणि ओढ यांबद्दल शंभर टक्के सहमत. हंगामाबद्दल नाही.

जुलैमध्ये वारा दिवसाही थांबत नाही आणि रात्रीही. सर्फ करणाऱ्या मोठ्या माणसाला चालतं, चार-पाच वर्षांच्या मुलाला नाही. वाळू उडते ती नेमकी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. स्वयंपाक करता येत नाही, गॅसची शेगडी वाऱ्यात पेटत नाही, सगळे चिडतात. मी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा सुचवेन. वारा पडलेला असतो, पाणी हळूहळू कोमट होत असतं आणि दक्षिणेकडून येणारी लांब अंतराची लाट अधूनमधून लागते. दोन लाटांमध्ये बारा-चौदा सेकंद असले की मुलाला फळीवर चढायला निवांत वेळ मिळतो. खरीफच्या लाटांमध्ये सात-आठ सेकंदच असतात, एक अंगावरून जाते तोवर दुसरी हजर.

उनाडवारा

तिसरीलाट, सेकंदांचा मुद्दा अगदी बरोबर. अंदाज बघताना लोक फक्त उंची बघतात. दीड मीटर आणि सात सेकंद ही एक गोष्ट, दीड मीटर आणि चौदा सेकंद ही पूर्ण वेगळी, दुसरीत ताकद कितीतरी जास्त. म्हणूनच सप्टेंबरची लांब लाट मला मुलांसाठी तेवढी निरुपद्रवी वाटत नाही. ती शांत दिसते, पाच-दहा मिनिटं काहीच येत नाही, मुलं पुढे सरकतात, आणि मग एकदम मोठ्या लाटांची रांग येते. खरीफची लाट कटकटी असली तरी प्रामाणिक असते. पहिल्या मिनिटाला दिसते तशीच तासाभराने दिसते.

पाच वर्षांखालच्या मुलांबद्दल मात्र तुमचं मान्य. त्यांच्यासाठी सप्टेंबरच. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी मी जुलै-ऑगस्ट सोडणार नाही, कारण सुट्टी तेव्हाच असते आणि मस्कतमध्ये तेव्हाच जीव नकोसा होतो.

शेगडीसाठी उपाय : गाडीचं मागचं दार उघडून त्याच्या आडोशाला, तेही दुपारच्या आत. रात्री आम्ही शिजवतच नाही.

सांजसावली

मी सर्फिंग करत नाही, पण नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी तयार आहेत. मला तीन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. कपडे काय घालायचे? तंबूतून संडासची सोय कशी करता? आणि रात्री अशा उजाड जागी कुटुंबाने राहणं सुरक्षित आहे का? कृपया कुणीतरी बाईमाणसाने उत्तर द्यावं.

मीठवाट

सांजसावली, आम्ही बरीच वर्षं सूरला राहतो, म्हणून मी लिहिते.

कपडे : पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा सदरा) आणि पायघोळ सर्फ लेगिंग. त्यावर पातळ वेटसूट घातला तर प्रश्नच मिटतो. हा सार्वजनिक किनारा आहे, जवळ वस्ती असते, आणि पाण्याबाहेर आल्यावर अंगावर काहीतरी सैल घालणं हा इथला साधा शिष्टाचार आहे. पुरुषांनीही उघड्या अंगाने वस्तीत किंवा दुकानात जाऊ नये. दारू सार्वजनिक ठिकाणी चालत नाही, ते बरोबर नेऊच नका. उन्हापासूनही हेच कपडे वाचवतात, तेव्हा मला ते ओझं वाटत नाही.

संडास : उभा राहता येईल असा छोटा तंबू मिळतो, तो गाडीला बांधा, नाहीतर उडतो. घडीची खुर्ची, पिशवी, वरून कोरडी वाळू किंवा लाकडाचा भुसा, आणि ती पिशवी परत गाडीतून. खड्डा करायचा तर भरतीच्या रेषेपासून खूप आत, वीतभर खोल. कागद मात्र पुरू नका. वाळवंटात तो कुजत नाही, वारा उकरून काढतो आणि झुडपाझुडपांवर लटकवतो. असे किनारे बघून मला फार वाईट वाटतं.

सुरक्षितता : माणसांची भीती मला कधी वाटली नाही. ओमानमध्ये मोकळ्या जागी तंबू टाकण्याची पद्धत जुनी आहे आणि सर्रास चालते. फक्त आल्या आल्या जवळच्या वस्तीत जाऊन सलाम करा, इथे राहू का म्हणून विचारा. बहुतेक वेळा ते स्वतःच चांगली जागा दाखवतात आणि कहवा-खजूर घेऊन येतात. बायका आत बायकांबरोबर बसतात, तुमच्या मुलीला कुणीतरी हाताला धरून घेऊन जाईल, जाऊ द्या. बोलावणं आलं तर दहा मिनिटं तरी बसा, उभ्या उभ्या नाही म्हणणं बरं दिसत नाही.

भीती वाटते ती दोन गोष्टींची. एक, रात्रीच्या रस्त्यावरचे उंट. अंधारात उंटाचे डोळे गाडीच्या दिव्यांच्या वरच्या पातळीला असतात, तो दिसतो तेव्हा ब्रेक मारायला जागा उरलेली नसते. अंधार पडायच्या आत पोचा. दोन, किनाऱ्यावरच्या टायरच्या खुणा. जिथे पिकअपच्या चाकोऱ्या पाण्यापर्यंत गेल्यात तिथून कोळी होड्या ओढतात. पहाटे अंधारात गाडी उलटी घेत पाण्याकडे येते, चालकाला मागचं फारसं दिसत नाही. अशा चाकोरीत किंवा तिच्या आसपास तंबू कधीही टाकू नका.

सांजसावली

मीठवाट, मनापासून आभार. चाकोऱ्यांचं तर मनातही आलं नसतं.

रेतीवाट

गाडीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

वाळूत शिरण्याआधी टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा, परत डांबरावर आलात की भरा. कॉम्प्रेसर, फावडं, दोन सँडबोर्ड (रुतलेल्या चाकांखाली टाकायच्या फळ्या) आणि ओढायचा पट्टा हे सामान नसेल तर डांबर सोडू नका. शक्यतो दोन गाड्या असाव्यात.

हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसते ती सबखा. अश्खराच्या दक्षिणेला, आणि विशेषतः शन्ना आणि बर अल हिकमानच्या आसपास, मिठाच्या सपाट जमिनी आहेत. लांबून बघितलं तर मैदानासारख्या टणक, वाळूपेक्षा कितीतरी बऱ्या. वर मिठाचा कडक पापुद्रा, खाली ओला चिखल. पापुद्रा फुटला की गाडी आसापर्यंत खाली जाते, आणि वाळूत असतो तसा खाली टणक थर लागत नाही. सँडबोर्ड टाकले तर तेही बुडतात. भरतीचं पाणी जवळ असेल तर गाडी सोडून द्यावी लागते.

ओळखायची कशी? रंग आजूबाजूच्यापेक्षा गडद तपकिरी, जणू नुकतीच शिंपडलेली. मधूनमधून मिठाची चमक, आणि कडेला पापुद्रे उचललेले. उतरून टाच जोरात मारा. ओलसर, मऊ वाटलं तर परत फिरा. जुन्या ठसठशीत चाकोरीतूनच जा. एखाद्याची चाकोरी मुख्य वाटेतून फुटून आत गेलेली दिसली तर तिच्यामागे जाऊ नका, पुढे तो अडकला असण्याचीच शक्यता जास्त.

मुलं मागे बसलेली असताना जवळचा रस्ता शोधायला मी जात नाही. डांबर सोडून जितकं कमी जाल तितकं बरं.

पांढराकोट

पेशाने डॉक्टर आहे, त्यामुळे माझ्या खात्यातलं.

गार वारा फसवतो. घाम आला ते कळत नाही, तहान लागत नाही, आणि ऊन तर तितकंच असतं. या किनाऱ्यावरून आलेल्या मुलांमध्ये मी सगळ्यात जास्त बघतो ते भाजलेले कान, मान आणि पायाचे वरचे भाग, आणि त्याच्याबरोबर डोकेदुखी. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला किमान सहा-सात लिटर धरा, धुण्या-विसळण्याचं वेगळं. ओआरएसची पाकिटं गाडीत हवीतच. लघवी गडद झाली की पाण्यातून बाहेर, सावलीत, यावर चर्चा नाही. झिंक असलेलं सनस्क्रीन दर दोन तासांनी, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा.

उथळ वाळूत पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) असते. पाय उचलून टाकण्याऐवजी घासत घासत चाललात तर ती आपणहून सरकते. मुलांना हे चालणं पहिल्याच दिवशी शिकवा, त्यांना गंमत वाटते. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास. त्या विषाची वेदना उष्णतेने खूप कमी होते. आधी मोठ्या माणसाने स्वतःचा हात घालून पाणी तपासायचं, नाहीतर वेदनेच्या भरात मूल भाजलेलंही सांगत नाही. काटा छातीत, पोटात किंवा मानेत घुसला असेल तर उपसू नका, सरळ रुग्णालय. तातडीचा क्रमांक ९९९९, पोलीस आणि रुग्णवाहिका दोन्हींसाठी.

खडकांवर समुद्री साळू असतात, तेव्हा पायात रबरी बूट. फळी लागून डोक्याला मार बसला आणि मूल नंतर गुंगीत वाटलं किंवा उलटी झाली तर सहल तिथेच संपवा. वाटेवरच्या जालान बनी बू अली गावात रुग्णालय आहे, पण अंधार आणि अंतर डोक्यात ठेवून वेळेत निघा.

कासवमित्र

धागाकर्तीने जागांची नावं दिली नाहीत याबद्दल त्यांचे आभार मानतो. खरीफचा हंगाम आणि कासवांचा हंगाम एकमेकांवर येतो. रास अल जिन्झ आणि रास अल हद्दला हिरवी कासवं वर्षभर येतात, पण उन्हाळ्यात सर्वाधिक. मसिरावर लॉगरहेड कासवांची जगातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक आहे आणि गेल्या काही दशकांत तिथली संख्या फार घटली आहे.

तेव्हा माझी विनंती, विनंतीपेक्षा जास्त म्हणा हवं तर : ज्या वाळूत रणगाड्यासारखे रुंद माग दिसतील तिथे रात्री तंबू नको, शेकोटी नको, पांढरा दिवा नको, आणि गाडी तर मुळीच नको. मादी उजेड बघून अंडी न घालता परत फिरते. पिल्लं उजेडाकडे चालत सुटतात आणि समुद्राऐवजी तंबूकडे येतात. टायरची खोल चाकोरी म्हणजे पिल्लाला न चढता येणारी दरी, त्यातच ती अडकतात आणि सकाळी कोल्हे किंवा समुद्रपक्षी उचलतात. लाल दिव्याचा हेडलॅम्प घ्या. कासव बघायचंच असेल तर रास अल जिन्झच्या राखीव क्षेत्रात वाटाड्याबरोबर जा, तिथे त्याची व्यवस्था आहे.

झुळूक

शेकोटी अजिबात नको हे मला जास्त वाटतं. मुलांना तीच तर हवी असते. वस्तीपासून लांब, झाडं नसलेल्या जागी, घरून नेलेल्या लाकडांवर छोटी शेकोटी केली तर काय बिघडतं?

कासवमित्र

झुळूक, कासवं नसलेल्या किनाऱ्यावर माझी हरकत नाही. आतल्या बाजूला, वाळूच्या टेकाडामागे, समुद्रावरून दिसणार नाही अशी, आणि उठवलेल्या लोखंडी तबकात. निखारे वाळूत पुरू नका. वरून विझल्यासारखे दिसतात पण आत तासन्‌तास तापलेले राहतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर एखादं मूल अनवाणी पाय देतं. पाणी ओतून, गार करून, पिशवीत भरून परत न्या. आणि घाफच्या झाडाची वाळकी दिसणारी फांदीसुद्धा तोडू नका, त्यातली बरीच झाडं जिवंत असतात.

उनाडवारा

कासवमित्रांशी पूर्ण सहमत. खरं तर खरीफमध्ये शेकोटी पेटवण्यासारखी हवाही नसते, ठिणग्या सरळ तंबूवर येतात. मुलांना मी रात्री दुसरं काम देते : लाल दिवा घेऊन खेकड्यांची टेकाडं शोधायचं. नर खेकडा बीळ खणताना निघालेली वाळू बिळापासून थोड्या अंतरावर नेऊन रचतो, अगदी टोकदार शंकू. बिळापासून शंकूपर्यंत पायांनी झाडून काढलेली वाटही दिसते. एकावर पाय पडला तर दुसऱ्या रात्री तिथेच नवा उभा असतो. मुलं यात इतकी रमतात की शेकोटीची आठवण कुणालाच येत नाही.

निळीफळी

आठ आणि अकरा वर्षांची दोन मुलं आहेत, दोघांनाही तलावात पोहता येतं. फळी कुठली घ्यावी? आणि समुद्रात उतरवण्याआधी त्यांना नक्की काय यायला हवं?

उनाडवारा

निळीफळी, फळी मऊ फोमची. आठ वर्षांच्या मुलाला सहा फुटी, अकरा वर्षांच्याला सात फुटी. अरुंद, छोटी, टोकदार फळी मुलांना आवडते पण तिच्यावर उभं राहता येत नाही. मागचे पंख मऊ रबरी हवेत. पायाची दोरी दर वेळी तपासा, वेल्क्रोत वाळू अडकली की ती धरत नाही.

तलावातलं पोहणं पुरेसं नाही. मी आधी फळीशिवाय नेते. लाट आली की तिच्याखाली बुडी मारून पलीकडे निघता येतं का, तोंडात पाणी गेल्यावर न घाबरता हात वर करता येतो का, आणि मी शिट्टी वाजवली की जे चाललंय ते सोडून बाहेर येतात का. तिसरी गोष्ट जमत नसेल तर पहिल्या दोन आल्या तरी मी फळी देत नाही.

मग फळी घेऊन चालायला शिकवायचं. फळी कधीही स्वतःच्या आणि लाटेच्या मधे आडवी धरायची नाही. लाट ती उचलून सरळ तोंडावर मारते. फळी बाजूला, टोक समुद्राकडे. पडताना सपाट पडायचं, उथळ पाण्यात कधीच डोकं खाली नाही, आणि वर येताना आधी हात डोक्यावर, कारण फळी दोरीला बांधलेली असते आणि परत येते.

पहिल्या सत्रात उभं राहायचा आग्रह धरू नका. पोटावर झोपून फेसाबरोबर वाळूपर्यंत येणं, एवढंच. मुलाला त्यातला वेग कळला की पुढचं ते स्वतः मागतं. माझ्या धाकट्याने कितीतरी वेळ गुडघ्यांवरच काढला आणि मग कुणी न सांगता एका फेसावर उभा राहिला. मी पाण्यात खालच्या अंगाला उभी होते, तो माझ्या शेजारून गेला आणि त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नजर सरळ किनाऱ्यावर. फार आनंद झाला मला.

कपड्यांचा रंग भडक नारिंगी किंवा पिवळा घ्या. निळा आणि पांढरा फेसात हरवतो. ओठ निळसर झाले किंवा दात वाजायला लागले की लगेच बाहेर, मूल कितीही रडलं तरी.

समुद्रपक्षी

हवामानाबद्दल दोन शब्द. अरबी समुद्रातली वादळं बहुतेक मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, म्हणजे खरीफच्या दोन्ही कडांना. जून २००७ मधलं गोनू रास अल हद्दवरून गेलं. जून २०१० मधलं फेट मसिराच्या बाजूने आलं. १९७७ च्या जूनमधल्या वादळाने तर मसिराची दैना केली होती. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मुलांना घेऊन या किनाऱ्यावर जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, जुलै-ऑगस्टच्या दुपारी हजर नावाच्या डोंगररांगेत अचानक पाऊस पडतो. मस्कतहून बिदबिद, इब्रा, अल कामिलमार्गे जाताना डोक्यावर ऊन असतं आणि पुढची वादी (एरवी कोरडं असलेलं नदीपात्र) भरून वाहत असते. वाहती वादी गाडीने ओलांडणं हा इथे गुन्हा आहे, आणि तो कायदा अनेकांचे जीव गेल्यावर कडक झालाय. पहाटे निघा, दुपारच्या आत डोंगर मागे टाका.

भरतीचंही बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी रोजच्या रेषेच्या बरंच वर येतं. वाळूवर सुकलेल्या शेवाळाच्या दोन रेषा दिसतात, ओली आणि जुनी. तंबू जुनीच्याही वर हवा.

जाता जाता : मसिराच्या आखातात कुबड्या देवमासे असतात. जगभरातले कुबडे देवमासे ध्रुवाकडे ये-जा करतात, अरबी समुद्रातले कुठेच जात नाहीत, बारा महिने इथेच. ओमानच्या पाण्यात शंभराच्या आत उरलेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. टेकाडावरून दुर्बीण लावून बसलात तर दिसण्याची आशा ठेवायला हरकत नाही.

निळीफळी

आम्ही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याचा विचार करतोय. मसिराला जावं की अश्खराच्या आसपासच राहावं?

तिसरीलाट

पहिल्यांदा जाताय तर अश्खरा. मसिराला जायचं तर शन्नाहून बेटावरच्या हिल्फ बंदराला गाडीसकट फेरीने जावं लागतं, तास-दीड तासाचा प्रवास, आणि वारा फार असेल तर वेळापत्रकावर भिस्त ठेवता येत नाही. बेटाची पूर्व बाजू उघडी आहे, वारा आणखी जोराचा, वस्ती उत्तरेला एकवटलेली. मूल आजारी पडलं आणि फेरी नसली तर काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारेन.

उनाडवारा

तिसरीलाट यांच्याशी या वेळी सहमत. पहिली सहल अश्खरा, आणि तीही शुक्रवार-शनिवार टाळून. त्या दोन दिवशी उकाड्याला कंटाळलेला अर्धा शर्किया प्रांत तिथे असतो, किनाऱ्यावर गाड्या फिरतात आणि मुलांना मोकळं सोडता येत नाही. रविवारी पहाटे निघा, जालान बनी बू अलीला टाकी भरा, पाण्याचे कॅन तिथेच घ्या. पुढे पंप आहेत पण भरवशाचे नाहीत. फोनला रेंज कधी असते कधी नसते, म्हणून घरच्या कुणालातरी जागेचे अक्षांश-रेखांश आणि परतीची वेळ लिहून द्या.

पोचल्यावर लगेच पाण्यात जाऊ नका. अर्धा तास टेकाडावर बसा, सुकं लाकूड किंवा नारळाची करवंटी पाण्यात फेका आणि ती किती वेळात कुठे जाते ते मुलांनाच मोजायला सांगा. काठ्या त्याप्रमाणे रोवा. काही अडलं तर इथेच विचारा, निघायच्या आधी मी धागा बघत राहीन.

निळीफळी

नक्की. सँडबोर्ड आणि कॉम्प्रेसर या आठवड्यात घेतो. फळ्या मस्कतमध्ये भाड्याने मिळतात का ते कुणाला माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा.